पांढरी सहा

सोमवार, ४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकून देणार होतास, हे मला ठाऊक आहे. उघडलंस, म्हणजे वहिनी शेजारी उभी असणार. तिला नमस्कार सांग. आणि निदान हे पान संपेपर्यंत तरी वाच, मग काय हवं ते कर.

अकरा वर्षांनी लिहितेय तर तब्येतीपाण्याने सुरुवात करायला हवी होती, पण माझ्याच्याने राहवत नाहीये. मला परीक्षक नेमलंय. हो, मला. वादक संघाच्या श्रेणी परीक्षेला, पियानोसाठी. ज्या परीक्षेला तू बसणार होतास तीच ही. हॉटेलात, नाचाच्या बँडमध्ये, जॅझच्या क्लबात वाजवणारे सगळे इथे येतात, आणि पहिली ते आठवी यातली एक पायरी घेऊन जातात. आठवी मिळाली तर मोठ्या बँडमध्ये एकट्याने वाजवायची खुर्ची मिळते. सातवी मिळाली तर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे साथ. तुला हे सगळं पाठ आहे, तरी मी सांगतेय, कारण आज कुणालातरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

आजवर परीक्षक म्हणून वादकच बसायचे. या वेळी अध्यक्षांच्या डोक्यात आलं, की तीस वर्षं लोकांचे पियानो लावत हिंडणाऱ्या बाईच्या कानात काहीतरी असेलच. मंडळात आम्ही तिघं. एक बँडमास्तर, चाळीस वर्षं नाचाच्या बँडमध्ये घालवलेले, पोट आणि हसू दोन्ही मोठं. दुसऱ्या प्राध्यापिका, संगीत विद्यालयातल्या, हातात सदैव टोक केलेली पेन्सिल. त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, की पियानो लावणारीला परीक्षक केलं तर पुढच्या वर्षी सुतारालाही बसवा. मी म्हटलं बसवा की, लाकूड वाईट असेल तर तोच आधी सांगेल. बँडमास्तर इतके हसले की कारकुनाने घंटा वाजवून त्यांना गप्प केलं.

पद्धत मजेची आहे. पियानो पडद्याआड, आम्ही पडद्याच्या अलीकडे. उमेदवाराचं नाव नाही, नुसता नंबर. बूट बाहेर काढून यायचं, म्हणजे टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हेसुद्धा कळू नये. उमेदवाराने तोंडातून शब्द काढायचा नाही, आमचं म्हणणं कारकून आत जाऊन सांगणार. आणि एक नियम त्याने आम्हाला उभं करून वाचून दाखवला. परीक्षकाने उमेदवाराला ओळखलं, तर त्याच क्षणी हात वर करायचा आणि उठून जायचं. मग उरलेल्या दोघांपैकी जो कमी पायरी देईल त्याची कायम.

मी म्हटलं, मी कुणाला ओळखणार? मी पियानो ओळखते, माणसं नाही.

एवढंच सांगायचं होतं. बाबांच्या खोलीत त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. बाबांचा पियानो तुझ्याकडे बरा आहे ना? आणि ती मधल्या सप्तकातली मुकी पट्टी, पांढरी सहा, ती नीट केलीस का कधी? सहज विचारतेय.

तुझी,
कानसेन
(ही पदवी तूच दिली होतीस, टिंगल म्हणून. अजून वापरते.)


बुधवार, ६ मार्च, दुपार

दादा,

जेवणाच्या सुट्टीत लिहायला घेतलंय. खरं तर सुट्टीत मी पियानो लावायचा असतो, पण तो पंधरा मिनिटांत उरकला, कारण तुला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय.

आधी सकाळचं सांगते, क्रमाने, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

लोकांना वाटतं वेग म्हणजे कसब. नंबर चार आला आणि वाजवायला लागला, तर पडद्याआड कुणी शिवणयंत्र आणून ठेवलंय असं वाटलं. बँडमास्तरांचीही मान डोलायला लागली. मग साथीची परीक्षा आली. तिथे एक गायिका ठेवलेली असते, आणि ती मुद्दाम चुकते. एखादी मात्रा आधी येते, कुठे ओळच विसरते, शेवट लांबवते. वादकाने तिला सांभाळून घ्यायचं, ऐकणाऱ्याला कळूसुद्धा द्यायचं नाही. आपले चार नंबरचे साहेब गायिकेच्या आधी दोन मात्रा संपवून मोकळे. वर एक सूर जोराने हाणला, जणू तिला सांगताहेत की चूक तुझी. मी पाचवी दिली. प्राध्यापिकांनीही पाचवीच दिली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं.

नंबर नऊ कुणीतरी वयस्क असावं, बोटं जड होती. ओळीमागे चार सूर वाजवले असतील नसतील. पण गायिका चुकली की हा आधीच तिथे जाऊन उभा. ती लांबली की हा थांबला. शेवटी शेवटी बाई चुकायचंच विसरली आणि खरोखर गायला लागली. दादा, मी सातवी दिली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तारासुद्धा तपासल्या मी, दोघांनंतरच्या छोट्या सुट्टीत. चार नंबरने तीन तारा उतरवून ठेवल्या होत्या. नऊ नंबरने एकही नाही.

आता सतरा नंबर.

कारकुनाने नंबर पुकारला. वाळूत चालावं तशी पावलं. स्टूल पुढे ओढलं. आणि मग वाजवायच्या आधी लाकडावर नखाने दोनदा टकटक.

दादा, अख्ख्या जगात पियानोवर दोनदा टकटक करणारं एकच घर होतं. आपल्या बाबांना सोडून त्या उंदराची काळजी कुणाला होती? आपल्या जन्माआधी पियानोत उंदीर शिरला होता म्हणे, आणि तो बिचारा दचकू नये म्हणून बाबा आधी वर्दी द्यायचे. उंदीर गेला, मेला, त्याची नातवंडं गेली, टकटक राहिली. मी स्वतःला समजावलं, की कुणालाही सवय असू शकते. लोक काय काय करतात.

मग वाजायला लागलं. कसं सांगू तुला? सुटा सुटा, हसरा हात. डावा हात रमतगमत चाललाय आणि उजवा त्याच्याशी थट्टा करतोय. बँडमास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. आणि तेवढ्यात मला दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की सुरावटीत एक भोक आहे. पांढरी सहा येणार म्हणून आपण वाट बघतोय, आणि हात तिच्या अलीकडच्या काळीला शिवतो, पलीकडच्या काळीला शिवतो, आणि पुढे जातो. मधली वाजवतच नाही. पण ऐकू येते. शेजारच्या दोघी अशा वाजतात की मधली आपल्याच कानात वाजते. बँडमास्तर मला कुजबुजले, “काय डोकं आहे हो. सूर गाळून ऐकवतोय.”

मलाही तेच वाटलं असतं. पण मग आम्ही नेहमीप्रमाणे सांगितलं, की आता हीच चीज दोन सूर चढवून वाजवा. आता विचार कर. ती खुबी असती, तर चिजेबरोबर तीही वर सरकली असती. नाही सरकली. चीज सरकली आणि भोक जागच्या जागी. पुन्हा पांढऱ्या सहालाच वळसा. तिसऱ्या पट्टीतून वाजवायला सांगितलं, तिथेही तेच. हा हात अशा पियानोवर शिकलाय, जिथे मधली पांढरी सहा वाजतच नाही. दाबली तर नुसतं लाकूड.

तुझ्याकडे ती अजून तशीच आहे ना?

तुझी लेक आता बावीस वर्षांची असेल. मी पाहिली तेव्हा गालांत शेंगदाणे भरून पियानोखाली बसून पुस्तकं वाचायची, म्हणून तर खारू म्हणायचो. ती वाजवते हे मला कुणी सांगितलं नाही. मला कोण सांगणार म्हणा.

मी हात वर केला नाही. खात्री कुठे होती, असं मी मलाच सांगतेय. खात्री होती. तिचे बाकीचे प्रश्न उद्या आहेत. घंटा झाली, जाते.


गुरुवार, ७ मार्च, संध्याकाळ

दादा,

आज मी मंडळातून उठून आले. आता बैठकीच्या इमारतीसमोरच्या चहाच्या दुकानात बसून लिहितेय, आणि दुकानदार दोनदा विचारून गेला की बाई, बरं वाटत नाही का. म्हटलं फार बरं वाटतंय, अजून एक चहा द्या.

सकाळी सतरा नंबरचा स्वतःच्या मनाने वाजवायचा भाग झाला. नुसती धमाल. मग कारकुनाने सतरा नंबरचे जुने कागद काढले. ही तिसरी खेप होती. तीनच संधी असतात. आधी दोन्ही वेळा सातवीवर अडकलेली, आणि दोन्ही कागदांवर एकच शेरा: ठरावीक जागी वळसा, कारण अस्पष्ट.

बँडमास्तर म्हणाले आठवी, डोळे मिटून आठवी. प्राध्यापिका म्हणाल्या सातवी. मला राग यायला हवा होता, पण दादा, त्या बाईंचं म्हणणं इतकं नेमकं होतं की मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, वळसा सुंदर आहे, मान्य. पण वादकाला सरळ जाता येत असेल आणि तो वळसा घेत असेल, तर ते कसब. सरळ जाताच येत नसेल, तर ती सवय. मी सवयीला आठवी देत नाही.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. निवाडा माझ्या हातात. एक आकडा लिहायचा, बस. कारण तर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सांगावं तर मला उठून जावं लागणार आणि तिची सातवी कायम होणार. तीही शेवटची. न सांगता आठवी लिहावी, तर पडद्याला काय अर्थ राहिला? घटकाभर मला वाटलं, लिहून टाकावी. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पेन्सिल टेकवली होती कागदाला.

प्रत्येक परीक्षकाला आपल्या मनचा एक प्रश्न विचारता येतो. माझा राहिला होता. मी कारकुनाला म्हटलं, “आत जाऊन सांगा. मधल्या सप्तकातली पांढरी सहा. उजव्या हाताने फक्त तेवढी एकच पट्टी, दोन मिनिटं. डाव्या हाताने काय हवं ते.”

तो आत गेला, बाहेर आला. काही नाही. इतका वेळ काही नाही की कारकुनाने घड्याळ काढलं. मला कळत होतं आत काय चाललंय. पोरीला स्वतःलाच माहीत नव्हतं रे, की आपण ती पट्टी टाळतो. बोटं परस्पर शिकली होती. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला तिथे बोट ठेवायला लावलं होतं.

मग ती वाजली. एकदाच, लांब. थांबली. पुन्हा वाजली, हलकी. आपल्याच घरात नवीन खोली सापडावी आणि माणसाने आधी दारातूनच डोकवावं, तशी. आणि मग जी सुटली ती सुटलीच. एकच सूर, पण कधी तालाच्या आधी, कधी मागे, कधी हळूच, कधी दटावून. खाली डावा हात जागा बदलत होता आणि वरचा सूर तोच असून दर वेळी वेगळा वाटत होता. आत्ता रुसलेला, आत्ता हसलेला. बँडमास्तर श्वास घ्यायचे थांबले होते. प्राध्यापिकांनी पेन्सिल खाली ठेवली. शेवटी शेवटी तिने अलीकडची काळी, पलीकडची काळी असा आपला जुना वळसा घ्यायला बोटं नेली असावीत, कारण क्षणभर थबकली. नियम आठवला, आणि वळशाच्या ऐवजी सरळ मधली वाजवून संपवलं.

मी हात वर केला.

“मी या उमेदवाराला ओळखते. माझ्या भावाची मुलगी आहे. ती ज्या पियानोवर शिकली, त्याची ती पट्टी मी मोडलीय.”

प्राध्यापिकांनी विचारलं, “कधीपासून ओळखता?”

“कालपासून.”

कारकुनाने लिहून घेतलं. मी माझा कागद कोराच ठेवला आणि बाहेर आले.

तर दादा, हे आलं एकदाचं तोंडातून, तेही परक्यांसमोर. आता तुला सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. पियानो लावायला शिकून तीन आठवडे झाले होते आणि मला सगळं येत होतं. बाबा बाहेर गेल्यावर मी आपला पियानो उघडला. लावणारा पहिल्यांदा पांढरी सहाच लावतो, तिच्यावरून बाकी सगळ्या. ती तार ठोकणारी लाकडी हातोडी मी ओढून काढली आणि तिचा दांडा माझ्या हातात मोडला. सरस लावून, बंद करून, हात धुऊन पुस्तक वाचत बसले. आठवड्याने हातोडी आपोआप पडली. बाबांनी विचारलं कुणी मोडली. मी गप्प. आणि तू वर बघून म्हणालास, मी. का म्हणालास मला आजवर कळलं नाही. मला वाटायचं, तू जोरात वाजवायचास, तुला खरंच वाटलं असेल आपल्याच हातून गेली.

बाबांचा हट्ट तुला माहीत आहे. ज्याने मोडली त्यानेच नीट करायची. मी ट्यूनर झाले, अख्ख्या गावाचे पियानो लावले, दहा वेळा म्हटलं बाबा मी करते. ते म्हणायचे, तू नको, त्याला करू दे. तुला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि मला सांगायची हिंमत नव्हती. तीस वर्षं एक दांडा, दादा. वीस मिनिटांचं काम.

आणि ते दुसरं. बाबा गेले, माणसं जमली, सगळे म्हणाले दादा वाजव. तू बसलास. टकटक केलीस. आणि सुंदर वाजवत वाजवत पांढऱ्या सहापाशी वळसा घातलास. एकदा, दोनदा, पाचदा. मला वाटलं, तुला कधीतरी खरं कळलंय आणि तू मला टोमणा मारतोयस. बाबा गेल्यावर, सगळ्यांसमोर, माझी चोरी उघडी पाडतोयस. माझं डोकं फिरलं. म्हणून मी ते म्हणाले, की दादा, तुला हात आहेत पण कान नाहीत, तू वाजवतोस पण ऐकत नाहीस. संघाच्या दोन परीक्षकांसमोर म्हणाले. तू झाकण बंद केलंस. परीक्षेचा अर्ज परत घेतलास. पुढच्या आठवड्यात गाडी आणून पियानो घेऊन गेलास आणि माझ्याशी बोलणं संपलं.

काल ती पोरगी नकळत तोच वळसा घालताना ऐकली तेव्हा मला कळलं. तो टोमणा नव्हताच. तुझ्या बोटांनाही तेच झालं होतं. माझं चुकलं. फार चुकलं. हे मी अकरा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

बाहेर व्हरांड्यात उमेदवारांचे बूट रांगेत ठेवलेले असतात, प्रत्येकावर नंबरची चिठ्ठी. सतरा नंबरचे कापडी बूट, एका बुटाची नाडी निळी आणि दुसऱ्याची पांढरी. उजवी टाच बाहेरून झिजलेली, पॅडल दाबून दाबून, तुझी झिजायची तशी. मी त्या बुटांसमोर बराच वेळ बसले. ती बाहेर यायच्या आत निघाले, कारण तिने मला बघावं असं मला वाटत होतं आणि बघू नये असंही. निकाल शनिवारी सकाळी लागेल. मी गेल्याने कमी पायरी ती कायम, म्हणजे प्राध्यापिका म्हणतील तेच. मी तिला वाचवलं की बुडवलं, मला ठाऊक नाही.


सोमवार, ११ मार्च, सकाळ

दादा, दादा, दादा,

तुला निकाल आधीच कळला आहे हे मला माहीत आहे, तरी मी लिहिणार. आठवी. दोघांचीही आठवी. प्राध्यापिकांचा शेरा मी फलकापुढे उभी राहून उतरवून घेतला: वळसा सवयीचा होता, आज कारण कळले, एका सुरावर जे केले ती निवड होती. मी फलकासमोरच एका अनोळखी बाईला मिठी मारली. तिच्या मुलाला चौथी मिळाली होती, तीही खूश.

मला संघाचं पत्र आलंय, की यापुढे आपल्या सेवेची आवश्यकता नाही. बुधवारचा हात गुरुवारी वर केला, त्याची शिक्षा. बरोबरच आहे. पण प्राध्यापिकांचा निरोपही आलाय, की घरचा पियानो लावायला केव्हा येता. म्हणजे सुतार पास.

शनिवारी दुपारी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एका पियानोच्या पोटात डोकं घालून बसले होते, आणि मागून लाकडावर दोनदा टकटक. मी वळले. निळी नाडी, पांढरी नाडी. नाक तुझं, उंची वहिनीची. मी काही बोलायच्या आत म्हणाली, आत्या, तूच विचारलास ना तो प्रश्न? मला रडू फुटलं आणि ती हसत सुटली. मग उलटं झालं. गल्लीतला चहावाला दोन कप ठेवून गेला.

तिने मला सगळं सांगितलं, तुझी एकही गोष्ट झाकून ठेवली नाही, तेव्हा आता रागावून उपयोग नाही. माझं पहिलं पत्र बुधवारी पोचलं, तोवर ती परीक्षेसाठी इथे मैत्रिणीकडे आलेली होती. मी परीक्षक आहे हे वाचून तू तिला कळवलं नाहीस, वहिनीलाही कळवू दिलं नाहीस, म्हणालास पडदा आहे तर पडदा राहू दे. आणि दोन दिवस, ती गुरुवारी रात्री घरी परतेपर्यंत, काही न खाता टेबलाशी बसून राहिलास; मगच तिला माझ्याबद्दल सांगितलंस.

तिने हेही सांगितलं, की त्या दिवसानंतर तू पियानोला बोट लावलं नाहीस. शिकवलंस ते स्वयंपाकघरात बसून. ती बाहेरच्या खोलीत वाजवायची आणि तू भाजी चिरता चिरता आतून ओरडायचास, परत. डावा हात घाई करतोय, परत. आता खोटं हसलीस, परत. अकरा वर्षं भिंतीआडून, न बघता. दादा, आम्ही तिघं जे तीन दिवस पडद्यापुढे बसून करत होतो, ते तू अकरा वर्षं करतोयस. आणि मी तुला कान नाहीत म्हणाले. त्या मुलीचं वाजवणं ज्याच्या कानाने घडलं, त्याला मी आज पायरी द्यायला बसले तर माझ्याकडे तेवढ्या पायऱ्याच नाहीत.

मी तिला विचारलं, एवढी वर्षं ती पट्टी तशीच का ठेवली, गावात दुसरे ट्यूनर नाहीत का. तेव्हा तिने खिशातून काड्यापेटी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, बाबांनी दिलीय, तुझं पत्र वाचल्यावर शोधून काढली. आत ती हातोडी होती. मोडका दांडा, आणि त्यावर माझा तो वेडावाकडा सरस, पिवळा पडलेला. खारू म्हणाली, “बाबा म्हणतात, ही आत्याने मोडली. ती येईल आणि नीट करील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. सरस बघूनच कळलं असणार, तुला सरस लावताच येत नव्हता. माहीत असून बाबांसमोर मीच मोडली म्हणालास, माहीत असून मी बोलले ते ऐकून घेतलंस. आणि रागाने माझ्याशी बोलणं टाकलंस, तरी माझं काम दुसऱ्याला दिलं नाहीस.

निघताना खारूने दारात विचारलं, आत्या, ती पट्टी वाजायला लागली की माझा वळसा जाईल का? जरा घाबरली होती. मी म्हटलं जाणार नाही. आता सरळही जाता येईल, एवढंच. मग वळसा घालशील तो तुझा. तिला पटलं असावं, जिना उतरताना दोन्ही हातांनी कठड्यावर ताल धरून गेली.

येत्या रविवारी सकाळी येते. नवीन दांडा आजच घासून तयार केलाय, हातोडीच्या डोक्यावरचा मऊ नमदा तोच जुना ठेवणार आहे. वहिनीला सांग जेवायला थांबेन. काम वीस मिनिटांचं आहे, पण मी दिवसभर लावीन. झाल्यावर ती पट्टी पहिल्यांदा तू वाजवायचीस, खारू नाही, मी नाही. मी स्वयंपाकघरात बसून ऐकेन आणि आतून एक शब्द बोलणार नाही.

दारावर दोनदा टकटक होईल. उंदीर समजून बसून राहू नकोस, दार उघड.

तुझी,
कानसेन